‘उमजलेले’ : एका ध्वनिमुद्रिकेच्या नावाविषयी

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या नाट्यपदांची जी मैफल सादर केली आणि जी पुढे ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघरी पोचली, तिचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे आहे. तीनच शब्दांचे हे नाव व्याकरणाच्या अंगाने थोडे न्याहाळण्यासारखे आहे. ‘बालगंधर्वांची गाणी’ असे म्हणता आले असते; त्यात गाणाऱ्याचा पत्ता लागला नसता. ‘बालगंधर्वांना आदरांजली’ असे म्हणता आले असते. त्यात आदर दिसला असता, पण समजुतीचा भाग झाकला गेला असता. कुमारांनी ‘मला’ हे सर्वनाम अगदी आरंभी ठेवले. हा अहंकार नव्हे, ही मर्यादा आहे. मला जेवढे उमजले तेवढेच येथे आहे, दुसऱ्या कोणाला निराळे उमजले असेल, आणि बालगंधर्व ह्या सर्वांहून शिल्लक उरतील, एवढा अर्थ त्या एका सर्वनामात सामावला आहे.

दुसरा शब्द ‘उमजलेले’. मराठीत समजणे आणि उमजणे ही जोडी आपण सहज वापरतो आणि ‘समजले पण उमजले नाही’ असेही म्हणतो. समजणे बाहेरून येते, कोणी तरी समजावून सांगते. उमजणे आतून वर येते, आणि त्याला वेळ लागतो. ह्या लेखात आम्हांला जे मांडायचे आहे ते ह्याच शब्दाभोवती फिरते. थोर गायकाच्या पश्चात त्याचे गाणे गाण्याचे दोन रस्ते आहेत. एक जतनाचा, दुसरा उमजण्याचा. हे दोन्ही रस्ते आवश्यक आहेत. मात्र एकाला दुसऱ्याचे नाव देण्याची चूक आपण हल्ली फार सहज करतो.

ही चूक सर्वांत ठळक दिसते ती सणाच्या पहाटे. दिवाळी पहाट हा प्रकार आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. आम्ही ज्या शहागडातून लिहीत आहोत ते अंबड तालुक्यातले, गोदावरीकाठचे, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. अशा गावांच्या आसपासच्या तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही नरकचतुर्दशीच्या किंवा पाडव्याच्या पहाटे गाण्याची बैठक मांडली जाते. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून लोक येतात. त्यांना एक भूपाळी हवी असते, दोन-तीन अभंग हवे असतात आणि बालगंधर्वांचे एखादे पद हवेच असते. गायक किंवा गायिका पद सुरू करते आणि श्रोते मनातल्या मनात मूळ ध्वनिमुद्रिकेशी ते ताडून पाहू लागतात. हुबेहूब उतरले की टाळी पडते. निवेदकही त्या प्रयत्नाला ‘बालगंधर्वांना मानवंदना’ असेच म्हणतो.

सणाला तेच ते लागते, ह्यात गैर काहीच नाही. करंजीची चव दरवर्षी बदलली तर घरातली माणसे नाराज होतील. सणाचा आनंद पुनरावृत्तीचा आनंद असतो. पाश्चात्त्य जगातले एक उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. बिंग क्रॉस्बी ह्या अमेरिकी गायकाने अर्व्हिंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे 1942 साली ध्वनिमुद्रित केले. नाताळच्या दिवसांत त्याच्या इतक्या प्रती काढल्या गेल्या की मूळ मुद्रा झिजून गेली, आणि 1947 साली त्याच गायकाला, त्याच वाद्यवृंद-संचालकाला आणि त्याच साथगायकांना पुन्हा जमवून तेच गाणे शक्य तितके पहिल्यासारखे पुन्हा गाऊन घ्यावे लागले. आज बहुतेक लोक ऐकतात ती ही दुसरी आवृत्ती. म्हणजे सणासाठी त्या गायकाला स्वतःचीच नक्कल करावी लागली! सणाची मागणी किती कडक असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

तिकडच्या जाझ गायकांमध्ये पूर्वसूरींच्या गाण्यांचा पूर्ण संच ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा जुनी आहे. डायना क्रॉल ह्या गायिका-पियानोवादिकेने 1996 साली नॅट किंग कोल ह्यांच्या त्रिकुटाला एक संच अर्पण केला. त्याआधी 1991 साली कोल ह्यांची कन्या नॅटली कोल हिने वडिलांची गाणी गायिली, आणि त्यांतल्या एका गाण्यात तर 1965 सालीच निवर्तलेल्या पित्याचा जुना आवाज यंत्राच्या साहाय्याने स्वतःच्या आवाजाला जोडून युगुलगीत साधले. आपल्याकडे लता मंगेशकरांनी 1992 साली ‘श्रद्धांजली’ ह्या नावाने कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, मोहम्मद रफी, मुकेश, हेमंतकुमार, किशोरकुमार, गीता दत्त अशा दिवंगत गायकांची गाणी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. मायक्रोफोनशी कानगोष्ट करावी तसे हळुवार गाणाऱ्या सैगलांविषयी लताबाईंना लहानपणापासून किती ओढ होती, हे सर्वज्ञात आहे. ह्या सर्वांच्या जागी आपापली सच्ची भावना आहे. परंतु अर्पण, पुनर्भेट, श्रद्धांजली आणि ‘उमजलेले’ ह्या चार निरनिराळ्या क्रिया आहेत. कुमारांनी निवडली ती चौथी, आणि आमच्या मते ती सर्वांत अवघड होती.

अवघड का, हे कळण्यासाठी बालगंधर्वांचे गाणे काय होते ते थोडे आठवले पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म 26 जून 1888 चा. लहान वयात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त भामिनी झाले, 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 च्या ‘स्वयंवरा’ला त्यांचे गुरू भास्करबुवा बखले ह्यांनी चाली दिल्या आणि ख्यालाची भारदस्त बंदिश रुक्मिणीच्या तोंडी मराठी पद होऊन बसली. साथीला अहमदजान तिरखवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, तरीही कधी ओरडा न होणारा आवाज. सूर लागला की तो नेमक्या बिंदूवर लागे. शब्द लयीच्या अंगावर असा पडे की तो बोलला गेला की गायिला गेला हे सांगता येऊ नये. ‘वन्स मोअर’ मिळाला की तीच ओळ ते निराळ्या वाटेने आणीत. प्रेक्षकांनी एकाच पदाचे एकाच रात्री अनेक अवतार पाहिले.

आपल्या हाती ह्यांतले काय उरले? 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. रंगभूमीवर अर्धा-अर्धा तास फुलणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबावे लागले. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ’ म्हणून कवटाळतो, तेच मुळात एका मोठ्या गोष्टीचे संक्षिप्त टिपण आहे. दिवाळी पहाटेच्या मंचावर ज्याची हुबेहूब नक्कल होते ती बालगंधर्वांची नव्हे, त्यांच्या तबकडीची. एका रात्रीचा एक अवतार कायमचा ठरून गेला आणि बाकीचे सारे विरले. ज्याने एक ओळ दोनदा सारखी म्हटली नाही, त्याच्या स्मरणार्थ आपण ती ओळ वर्षानुवर्षे तंतोतंत सारखी म्हणत आहोत, ह्यातला विरोधाभास सहसा कोणाला टोचत नाही.

आता कुमारांकडे वळू. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी ह्यांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगाव जिल्ह्यातला. ‘गंधर्व’ हे बिरुद त्यांनाही लहानपणीच चिकटले. पण त्याचे कारण लक्षात घ्यावे. हा मुलगा त्या काळच्या नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. आवाजाची फेक, तान, मुरकी, सगळे जसेच्या तसे. ह्या कौतुकावरच त्याचे जलसे होत. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे आला आणि तेथे त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. म्हणजे नक्कल करता येत नव्हती म्हणून कुमारांनी निराळी वाट धरली, असे कोणालाही म्हणता येणार नाही. नकलेच्या कलेत त्यांच्या वयाचा दुसरा मुलगा त्या काळी क्वचितच सापडला असता.

पुढे क्षयाने गाठले. 1948 साली कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला गेले आणि त्यानंतर सुमारे पाच वर्षे गाणे बंद राहिले. एक फुप्फुस जवळपास निकामी झाले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी, भजनी मंडळींची भजने, पाखरांचे आवाज ऐकले. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा आवाजाचा लहान, तीक्ष्ण झोत आणि मधली शांतता हे त्यांच्या गायकीचे लक्षण बनले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ आला. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतूंवरचे, ‘त्रिवेणी’ हा सूर-कबीर-मीरा ह्यांच्या पदांचा, ‘तांबे-गीतरजनी’ हा भास्कर रामचंद्र तांब्यांच्या कवितेचा, असे एकेका विषयाला वाहिलेले कार्यक्रम त्यांनी रचले. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ह्याच मालिकेत बसते. म्हणजे हे कोणा निर्मात्याच्या फर्माइशीवरून सणासुदीपुरते काढलेले गाणे नव्हते. एखाद्या ऋतूचा किंवा कवीचा विचार करावा तसा एका गायकाचा विचार त्यात केलेला आहे.

आता येथे एक साधी शारीरिक अडचण होती. बालगंधर्वांचे वाक्य लांब असे. ते श्वास कोठे घेतात, हे श्रोत्याला कळतही नसे. कुमारांपाशी तो दमसास आजारानंतर राहिलेला नव्हता. तेव्हा बाहेरचा आकार उचलण्याचा मार्ग त्यांना जवळजवळ बंदच होता. त्यांनी उचलले ते आतले. सुराचा नेमका बिंदू, शब्दाचे वजन, आणि लयीत शब्द सोडून देण्याची ती जागा. ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकली तर चाल ओळखीची आहे, पदही ओळखीचे आहे, पण आवाज कोठेही उसना नाही. बालगंधर्वांचा लाडिक स्त्रीस्वर त्यांत नाही, रुक्मिणीचा पदर नाही, ऑर्गनची ती परिचित धून मनात वाजत राहत नाही. पद भूमिकेपासून सुटे झाले आहे आणि तरीही ते ख्याल झालेले नाही. बालगंधर्व शब्दावर थांबत असत ते का, हे कुमार आपल्या थांबण्याने सांगतात. एखाद्या चांगल्या शिक्षकाने कविता वाचून दाखवावी, आणि त्या वाचनातच तिचे विवेचन झालेले असावे, तसा हा प्रकार आहे.

ज्यांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांपैकी अनेकांना हे गाणे परके वाटणे स्वाभाविक होते आणि तो आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की नाट्यपद हे पात्राचे असते. ते भूमिकेतून सोडवले तर त्याचा जीवच जातो. दुसरा अधिक गंभीर आहे. प्रत्येक जण ‘मला उमजले’ म्हणून आपापले गाऊ लागला, तर मूळ कोणते हे दोन पिढ्यांनी कोणाला सांगता येईल? जो अनुकरण करतो तो निदान पुढच्या पिढीला एक नमुना तरी देऊन जातो. आमच्या भागातून पाहता ह्या दुसऱ्या मुद्द्याचे वजन अधिकच जाणवते. निजामी राजवटीतल्या ह्या मुलखात नाटक मंडळ्यांची वर्दळ पुण्या-मुंबईइतकी कधीच नव्हती. येथील लोकांना बालगंधर्व कळले ते तबकडीतून, आकाशवाणीवरून आणि कोणा तरी हौशी गायकाच्या तोंडून, म्हणजे प्रतींच्या प्रतींतून. आणि 15 जुलै 1967 ला बालगंधर्व गेल्यानंतर इतकी दशके लोटली आहेत की पुणेकर काय आणि शहागडकर काय, आता सर्वांचीच स्थिती सारखी आहे. त्यांना भर वैभवात पाहिलेली पिढी उरलेली नाही. प्रत चुकली तर ताडून पाहायला माणूस नाही.

तेव्हा जतन आणि उमज ह्यांतून निवड कशी करायची? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणची आठवण होते. 1935 साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला. स्त्रीभूमिकांसाठी विख्यात असलेले बालगंधर्व त्यात संत एकनाथांच्या भूमिकेत होते. (चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’, ब्रिटिशांच्या सेन्सॉरला त्यात गांधींचा वास आला म्हणून ते बदलावे लागले.) ह्या योगायोगाला आम्ही फार महत्त्व देणार नाही, पण ज्या एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली, त्यांनीच आपल्या प्रश्नाचे उत्तर चारशेहून अधिक वर्षांपूर्वी कृतीने देऊन ठेवले आहे, हे मात्र महत्त्वाचे आहे.

ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांत तिच्या पोथ्यांमध्ये पाठभेद आणि भर ह्यांची गर्दी झाली होती. शके 1506, म्हणजे 1584 साली एकनाथांनी पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या कामात त्यांनी स्वतःची एकही ओवी मिसळली नाही. उलट जो कोणी ह्या ग्रंथात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशारा देऊन ठेवला. एकनाथांना ओवी सुचत नव्हती काय? त्याआधी अकरा वर्षे, 1573 साली, त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची हजारो ओव्यांची आपली टीका वाराणसीत पूर्ण केली होती. ज्ञानदेवांनी गीतेचे केले ते त्यांनी भागवताचे केले, आणि ते सर्वस्वी आपल्या भाषेत, आपल्या काळासाठी केले. जतन करताना ते पूर्ण बाजूला झाले; उमज सांगताना त्यांनी आपले नाव लपविले नाही. दोन्ही कामे एकाच माणसाने केली आणि ती एकमेकांत मिसळू दिली नाहीत. परंपरेशी प्रामाणिक राहण्याची ह्याहून स्वच्छ रीत आम्हांला ठाऊक नाही.

ह्या रीतीने पाहिले की कुमारांच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावाचे मोल लक्षात येते. त्यांनी बालगंधर्वांच्या ताटात आपली नरोटी ठेवली नाही. त्यांनी निराळे ताट मांडले आणि त्यावर ‘मला उमजलेले’ अशी चिठ्ठी लावली. मूळ तबकड्या आहेत तेथे आहेत. त्या कोणी ऐकाव्यात, शिकाव्यात, सांभाळाव्यात. 1962 साली पुण्यात ज्या नाट्यगृहाची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि जे 1968 साली त्यांच्या नावाने उघडले, तेही जतनाचेच काम. त्याची गरज कोणी नाकारू नये. गडबड होते ती तबकडीच्या नकलेला जेव्हा आपण ‘परंपरा पुढे नेणे’ म्हणू लागतो तेव्हा. आणि तितकीच गडबड होते ती मनाला येईल तसे बदललेल्या चालीला, वर ताल-वाद्यांचा भडिमार करून, ‘बालगंधर्वांचेच पद’ म्हणून खपवले जाते तेव्हा. पहिल्यात उमज नाही, दुसऱ्यात जतन नाही, आणि दोहोंतही नाव खोटे आहे.

नकलेवर आमचा रोख आहे असा कोणी समज करून घेऊ नये. आपल्या संगीतात विद्या गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते, आणि तिची सुरुवात नकलेनेच होते. कुमारांचीही तशीच झाली. फरक एवढाच, की त्यांच्या बाबतीत नक्कल आणि उमज ह्यांच्या मध्ये देवधरांची शिस्त होती, माळव्यातली पाच-सहा वर्षांची सक्तीची शांतता होती आणि पुढची बरीच वर्षे स्वतःच्या गाण्याची उभारणी होती. बालगंधर्वांकडे ते वळले ते स्वतः कुमार गंधर्व झाल्यानंतर. ज्याला स्वतःचा आवाज सापडला आहे, त्यालाच दुसऱ्याचा आवाज उमजतो. आज यूट्यूबवर वाटेल ते गाणे वाटेल तितक्या वेळा ऐकता येते, आणि दहा-बारा वर्षांची मुले बालगंधर्वांचे पद मुरकीसह अचूक म्हणतात. त्यांचे कौतुक व्हावे. पण त्या मुलांना मधली शांतता कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या पालकांनी, गुरुजनांनी आणि बक्षिसे वाटणाऱ्या परीक्षकांनी स्वतःला विचारला पाहिजे. पाठ्यपुस्तकातला उतारा अचूक उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण देणारे आम्ही मराठीचे अध्यापकही ह्या प्रश्नातून सुटत नाही.

एक सूचना करून थांबतो. आमच्या तालुक्याच्या गावी, अंबडला, दत्तजयंतीच्या निमित्ताने संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे आणि चोखंदळ श्रोता ह्या भागाला नवा नाही. असा श्रोता असलेल्या गावांत दिवाळी पहाट भरवणाऱ्या मंडळींनी कार्यक्रमाचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात पदे जशी आहेत तशी, शक्य तितकी शुद्ध, कोणतीही भर न घालता म्हणावीत. सणाचा मान त्याने राखला जाईल. दुसऱ्या भागात एका, फक्त एका गायकाने एकच पद घ्यावे आणि ते आपल्याला कसे उमजले ते गाऊन सांगावे. ते कदाचित कोणाला आवडणार नाही. टाळी कमी पडेल. पण ‘वन्स मोअर’ मिळताच तीच ओळ निराळ्या वाटेने आणणाऱ्या माणसाची आठवण त्या दुसऱ्या भागातच अधिक खरी होईल, असे आम्हांला वाटते.